पत्र हाय, सर

वर्गाचं दार अर्धंच उघडतं. फटीतून आधी एक पारदर्शक प्लास्टिकची फाईल आत येते, मग ती धरणारा हात, आणि मग सवडीनं उरलेला पैलवान. बाकीची पोरं उशीर झाला की "आत येऊ का सर?" म्हणून विचारतात. हा विचारत नाही. हा सांगतो, "पत्र हाय, सर."

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी 30 वर्षं इतिहास शिकवला. तेवढ्या काळात अशा सहा-सात फाईली माझ्या वर्गात येऊन गेल्या. इथं ज्याच्याविषयी लिहितो आहे तो त्या सगळ्यांचा मिळून एक आहे, म्हणून त्याला नाव नाही. तसं हजेरी घेतानाही त्याच्या नावाला "ओ" फारसा कधी आलाच नाही. सगळे त्याला पैलवानच म्हणायचे, आणि ओळख पटायला कान पुरेसे होते. मातीत आणि मॅटवर घासून कान सुजतो, आत रक्त साकळतं आणि कानाची कायमची भजी होते. कॉलेजचं ओळखपत्र तो नेहमी तालमीत विसरायचा. गेटवरचा शिपाई कान बघून आत सोडायचा. लॉकडाऊनमध्ये तास ऑनलाईन झाले तेव्हा त्यानं मला मुद्दाम फोन केला होता. "सर, तुमचं आयकायचं लई मनात हाय, पण कानात इयरफोनच ऱ्हात न्हाई." तासाला न बसण्याची हजार कारणं मी ऐकली, शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरलेलं हे एकच.

पैलवान म्हटल्यावर दारातून आडवा होऊन आत येणारा गडी तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. आमच्याकडं नव्यानं आलेल्या प्राध्यापकांचंही तसंच व्हायचं. ते वर्गभर नजर फिरवून मला हळूच विचारायचे, "ह्यातला कोणता?" कारण आमचा पैलवान 61 किलोचा. शर्ट घातला की तो बँकेत कारकून वाटायचा. शर्टाचं वरचं बटण मात्र लागत नसे, कारण मानेनं खांद्याशी परस्पर तडजोड केलेली होती.

आता त्या पत्राविषयी. विद्यार्थी-खेळाडू हा खरं तर पत्रावर चालणारा प्राणी आहे. आधी जिल्ह्यातल्या कॉलेजांची विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड, मग सराव शिबिर, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथं बरं झालं तर खेलो इंडिया. ह्यात महाराष्ट्र केसरीची निवड चाचणी आणि गावोगावच्या जत्रांची मैदानं मी धरलेलीच नाहीत. प्रत्येक पायरीला एक पत्र. पत्राचा मजकूर जिमखान्याच्या सरांनी कधीतरी संगणकावर एकदाच टाईप केलेला होता: "सदर खेळाडू हा कुस्ती (फ्रीस्टाईल) 61 किलो वजनगटात महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व करीत असल्याने त्यास खालील कालावधीत गैरहजर राहण्याची परवाणगी मिळावी." तारखा तेवढ्या बदलायच्या. परवानगीतला चुकीचा "ण" 30 वर्षं जागचा हलला नाही. मी एकदा लाल शाईनं तो दुरुस्त करून पत्र परत पाठवलं, तर पैलवान घाबराघुबरा होऊन आला. "सर, नामंजूर केलं का ओ?"

विद्यापीठाचा नियम 75 टक्के हजेरीचा. पैलवानाची हजेरी आणि त्याची पत्रं ह्यांची बेरीज केली तर ती शंभराच्या पुढं जायची. एका सत्रात तर तो एकाच आठवड्यात दोन ठिकाणी खेळत होता, कागदोपत्री.

पण तो वर्गात यायचाच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. यायचा, आणि झोपायचा. ह्याचाही हिशोब समजून घ्यायला हवा. पहाटे साडेचारला तालमीत दिवा लागतो. धावणं, मग जोर, बैठका, सपाट्या, मग लढती. साडेसातला मेहनत संपते. अंगाची माती धुवून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचं, तिथं म्हशीची धार समोर पेल्यात पडते, ती उभ्या उभ्या प्यायची. मग बदामाची थंडाई. वस्तादाच्या शास्त्राप्रमाणे ह्यानंतर दुपारपर्यंत झोप घेतली तरच खाल्लेलं अंगी लागतं. आणि आमची कला शाखा भरते सकाळी. म्हणजे मी "फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे" फळ्यावर लिहितो नेमक्या त्याच घटकेला पैलवानाच्या अंगात अर्धा शेर दूध आणि मूठभर बदाम कामाला लागलेले असतात. ह्या कुस्तीत रूसो काय टिकणार?

झोपण्यातही शिस्त होती. मागच्या बाकावर, पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे बंद. घोरणं नाही. एकदा मी चिडून विचारलं तर म्हणाला, "झोपलो न्हवतो सर, डोळं झाकून आयकत हुतो." मी हसलो आणि पुढं शिकवायला लागलो. विषय आधुनिक महाराष्ट्राचा होता, बोलता बोलता खाशाबा जाधवांवर आलो आणि सांगून गेलो की 1952 साली हेलसिंकीत त्यांनी फ्लायवेट गटात कांस्यपदक मिळवलं. मागच्या बाकावरून डोळे न उघडता आवाज आला, "बँटम, सर. फ्लायवेट अठ्ठेचाळीसला, लंडनला. तवा सहावा नंबर आला." माझं चुकलं होतं. सगळा वर्ग मागं वळून बघत होता आणि त्याचे डोळे अजून बंदच होते.

त्या दिवसापासून त्याच्या झोपेचा मला जरा धाकच वाटायला लागला.

ह्या खाशाबांनीच पुढं आमच्या प्राचार्यांची अडचण करून ठेवली. गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकत होते. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर 7,000 रुपयांना गहाण टाकलं, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. कोल्हापुरातल्या प्रत्येक तालमीत ही गोष्ट जोर-बैठकांबरोबर शिकवली जाते. त्यामुळं कोल्हापूरच्या पैलवानाचं कॉलेजच्या प्राचार्याविषयीचं मत फारच वरच्या पातळीवरून सुरू होतं. एका सत्रात हजेरी कमी पडली म्हणून आमच्या प्राचार्यांनी ह्याला केबिनमध्ये बोलावून झापलं. हा मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. शेवटी अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं हुतं. तुम्ही निस्ती एक सही करा की."

प्राचार्यांनी सही केली. नंतर स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "माझं घर आधीच बँकेकडं आहे, नाहीतर दाखवलं असतं ह्याला."

अर्थात पदक आलं की भाषा बदलायची. आंतरविद्यापीठला रौप्य मिळालं त्या दिवसापर्यंत तो जिमखान्याच्या सरांशी बोलताना "तुमचा तो पैलवान" होता. दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला आणि तो "आपला पैलवान" झाला. फ्लेक्सवर मधोमध प्राचार्य, दोन्ही बाजूंना संस्थेचे पदाधिकारी, खाली जिमखान्याचे सर, आणि उजव्या कोपऱ्यात, पिनकोडच्या वर, पैलवान. फोटोत कान दिसत नव्हते म्हणून शिपायानं ओळखला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं ह्याचं भलं होईल असं आम्हाला वाटलं होतं. खेळाला 2 क्रेडिट मिळणार! म्हणजे पैलवान किमान एका विषयात तरी पहिला. निकाल लागला तेव्हा त्या विषयापुढं "गैरहजर" छापून आलं होतं. चौकशी केली. खेळाच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या दिवशी विद्यार्थी खेळायला गेलेला होता, आणि खेळाविषयीची वही त्यानं जमा केलेली नव्हती. ज्या मुलीनं पाण्यात उडी मारायचा धीर होत नाही म्हणून पोहण्याऐवजी योगासनं घेतली होती तिला त्याच सदरात पूर्ण गुण होते. मी त्याच्या वतीनं भांडायला निघालो, तर त्यानंच थांबवलं. "जाऊ द्या सर. पत्र द्यायचं ऱ्हायलं हुतं."

परीक्षा हे तर वेगळंच मैदान. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये 30 सेकंद विश्रांती. दहा गुणांची आघाडी घेतली तर तेवढंही थांबावं लागत नाही. सहा मिनिटांत निकाल घ्यायची सवय लागलेल्या माणसाला दोन तास एकाच बाकावर, समोर प्रतिस्पर्धी नसताना, बसवून ठेवणं म्हणजे छळच. पैलवान एक प्रश्न लिहून झाला की पेन खाली ठेवायचा, दोन्ही हात झटकायचा, मान डावी-उजवी मोडायचा आणि मोजून 30 सेकंद छताकडं बघायचा. बाकीचे पर्यवेक्षक त्याला कॉपीचा संशयित समजायचे. मला मात्र वाटायचं, मॅटवर इतका वेळ हात-पाय न हलवता बसला असता तर पंचांनी कधीच पॅसिव्हिटीचा इशारा दिला असता.

एका परीक्षेला तर तो अर्धमेल्यासारखा आला. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, मे महिन्यात अंगात जाडजूड जॅकेट. मला वाटलं अभ्यासानं झालं असेल. शिक्षकांना अशा गोड शंका येतात. पाण्याचा ग्लास पुढं केला तर दचकून मागं सरकला. परवा स्पर्धा होती, वजन 63 भरत होतं. पूर्वी वजन आदल्या दिवशी व्हायचं आणि मग रात्रभर खाता-पिता यायचं. आता ज्या दिवशी लढायचं त्याच दिवशी सकाळी काट्यावर उभं करतात. त्या दिवशी त्यानं पुरवणी घेतली नाही. "जास्त लिवलं तर घाम येतोय," म्हणाला. मग जरा विचार करून, "येऊ दे की, बरंच हाय," असं म्हणून पुरवणी मागून घेतली. त्याच्या तीन वर्षांतला तो सगळ्यात मोठा पेपर.

आणि त्याच पेपरात ते उत्तर होतं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

प्रश्न नेहमीचाच. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत मराठ्यांचा पराभव का झाला? गाईडातली सहा कारणं मुलं त्याच क्रमानं उतरवतात, आणि मीही त्याच क्रमानं बरोबरच्या खुणा करतो. पैलवानाचं गाईड रोहतकच्या स्पर्धेला जाऊन आलेलं होतं, पण तुपाच्या डब्याखाली. पानं एकमेकांना चिकटलेली. त्यामुळं त्याला स्वतःच्या डोक्यानं लिहावं लागलं. ते असं होतं:

"भाऊसाहेबांचा पहिला दोष खुराकाकडे दुर्लक्ष. अब्दालीने रसद तोडली. आपला तळ दोन-अडीच महिने एका जागी बसला. मेहनत करून वजन उतरवणे वेगळे आणि उपाशी राहून उतरणे वेगळे. 14 जानेवारी 1761 रोजी आपले गडी रिकाम्या पोटी मैदानात आले. समोरचा खाऊन आला होता. दुसरा दोष, सोबत बायका-मुले व यात्रेकरू होते. कुस्तीला घरची माणसे नेऊ नयेत, लक्ष तिकडे जाते. तरी दुपारपर्यंत कुस्ती आपल्या बाजूने होती. पण अब्दालीने ताजे गडी राखून ठेवले होते, आपण दम आधीच खर्च केला. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले. वस्ताद जागेवर दिसला नाही की पैलवानाचा धीर सुटतो. म्हणून वस्तादाने जागा सोडू नये."

मी हे तीनदा वाचलं. त्र्यंबक शेजवलकरांनी पानिपतावर ग्रंथ लिहिला, तो आमच्या ग्रंथालयात आहे आणि पैलवानानं ग्रंथालय बाहेरून पाहिलेलं होतं. उत्तरात तपशिलाची चूक सापडेना. स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे आधी हसले आणि मग हळूहळू गप्प झाले. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "खुराकाचा मुद्दा बरोबर आहे." मी 10 पैकी 7 दिले. मनातून 8 द्यायचे होते, पण त्यानं "पेशवे"चा शे पोटफोड्या लिहिला होता.

मग असा माणूस बी.ए. कशाला करतो, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर त्याचे वडील द्यायला आले होते. एक एकर ऊस, दोन म्हशी, आणि दोन्ही म्हशींचं दूध विकून आलेला पैसा परत दुधातच जायचा, फक्त कोल्हापुरातल्या दुधात. ते म्हणाले, "सर, गुडघा हाय तवर कुस्ती. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा हाईत, पर फौजदारकीला डिग्री लागती. खाशाबा बी फौजदार झालंच की." एवढ्यात मागून वस्ताद पुढं झाले. ते वेगळ्याच काळजीनं आले होते. "मास्तर, शिकवा, न्हाई म्हणत न्हाई. पर बेतानं. डोक्यात लई भरलं की पोरगं मैदानात इचार करत बसतंय. डाव सुचला पायजे, आठवून चालत न्हाई." दोघंही माझ्याकडं बघत राहिले. बापाला पोरगं पास व्हायला हवं होतं, वस्तादाला जेमतेम पास. मी दोघांनाही तसं आश्वासन दिलं. दोन्ही एकाच निकालात बसत होतं.

इथं एक सांगायला हवं, की हे सगळं पोरांचं झालं. त्याच सत्रात खो-खो खेळणारी एक मुलगी वर्गात होती, राष्ट्रीय पातळीवर खेळलेली. तिचंही पत्र यायचं; पण पत्राबरोबर चुकलेल्या तासांच्या वह्या पूर्ण करून यायच्या, आणि पहाटेच्या सरावाआधी घरातल्या भाकरी झालेल्या असायच्या. तिच्यावर विनोदी लेख लिहिता येत नाही. पैलवान पास झाला तो तिच्या नोट्सवर, हेही नोंदवून ठेवतो. तो तिला ताई म्हणायचा आणि तिच्यासमोर कधी झोपत नसे.

शेवटचं मैदान मार्चमधलं. खासबागेत कुस्त्या होत्या आणि पैलवानानं मला न विचारता माझं नाव मान्यवरांच्या यादीत घालून ठेवलं. "तुमच्या हस्ते कुस्ती लावायची, सर. न्हाई म्हणायचं न्हाई." अडचण अशी, की त्याच दुपारी विद्यापीठाचे पेपर तपासायचं काम होतं, आम्ही ज्याला कॅप म्हणतो ते. रजा शिल्लक नव्हती. दुपारी तीनला मी चहाला म्हणून उठलो आणि थेट खासबागेत गेलो. शाहू महाराजांनी 1902 च्या युरोपच्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहिलं आणि त्यावरून हे वाडग्यासारखं खोलगट मैदान बांधून घेतलं, 1912 साली, हे मी 30 वर्षं फळ्यापाशी उभा राहून सांगत आलो होतो. आत, हौद्यात, लाल मातीवर उभा राहिलो तो पहिल्यांदाच. मला फेटा बांधला, तो कानावर आला. हलगी इतकी जवळ वाजत होती की बरगड्या थरथरत होत्या. मी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. निवेदक माईकवरून ओरडला, "बी.ए.च्या वर्गात शिकणारा, उच्चशिक्षित मल्ल!"

उच्चशिक्षित मल्लानं माझ्याकडं चोरून पाहिलं. दोन विषय राहिलेले होते.

कुस्ती चार मिनिटंही चालली नाही. तो खालच्या गड्याच्या पाठीवर होता, कुणाला काही दिसायच्या आत घिस्सा बसला आणि समोरचा आकाशाकडं बघत होता. वर्गात पाठ ताठ धरून डोळे मिटणारा तो हाच, हे पटवून घ्यायला मला बराच वेळ लागला. मी ओरडत होतो म्हणे. फेटा कुठं पडला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्राचार्यांचा निरोप आला. काल तीननंतर कॅपला कुठं होतात? केबिनबाहेर घाम पुसत उभा होतो तर जिन्यावरून पैलवान आला. नेहमीसारखा वाकून पाया पडला, आणि हातात फाईल दिली. "काल रातीच काढून घेतलं, सर. जिमखान्यातनं. शिक्का बी हाय."

दार मी अर्धंच उघडलं. आधी फाईल आत गेली. "पत्र आहे, सर," म्हणालो.

प्राचार्यांनी पत्र बाहेर काढलं आणि वाचायला लागले. वाचता वाचता थांबले. चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी आधी माझ्या पोटाकडं पाहिलं, मग परत पत्राकडं. जिमखान्याच्या सरांनी नाव आणि तारीख तेवढी बदलली होती.

"61 किलो," प्राचार्य म्हणाले. "वजन कधी घेतलं होतं?"